सारमेयाची निद्रा

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त प्रथमच वाचणाऱ्यास आपण भलतेच पान तर उघडले नाही ना, असा संशय आल्यावाचून राहत नाही. कारण ज्या मंडलात वसिष्ठ वरुणापाशी आपल्या अपराधांची क्षमा इतक्या आर्तपणे मागतो, त्याच मंडलाच्या मध्यावर तो एका कुत्र्याची आर्जवे करीत त्याला निजवू पाहत आहे. आरंभी घराचा अधिष्ठाता जो वास्तोष्पती त्याचे स्तवन होते; मग सरमा या कुत्रीच्या त्या पांढुरक्या-पिंगट पुत्राला, भुंकणे हा तुझा धर्मच असेल तर तो चोरांच्या बाबतीत बजाव, आमच्यावर कशाला, अशी समजूत घातली जाते; आणि अखेरीस आई, बाप, घरधनी, गणगोत, ठिकठिकाणी पहुडलेल्या स्त्रिया अशा साऱ्या घरादारावर निद्रेचा अंमल बसविला जातो. ‘बृहद्देवता’ या ग्रंथात या सूक्ताची जी कथा दिली आहे तिच्याप्रमाणे वसिष्ठ रात्रीच्या वेळी वरुणाच्या घरात शिरला असता तेथला कुत्रा भुंकत त्याच्यावर धावून आला, आणि त्याला शांत करण्यासाठी ऋषीला हे मंत्र म्हणावे लागले. ऋषींचे हे वर्तन कितपत शोभणारे होते याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाची ती एवढीच गोष्ट की, त्या रात्री निद्रा कुत्र्याला नको होती, ती वसिष्ठाला हवी होती.

कुत्र्याच्या लहानग्या पिल्लाला रात्रभर निजवावे कसे, हा प्रश्न आज ज्या घरांत विचारला जातो तेथेही वस्तुस्थिती याहून फारशी निराळी नसते. पूर्वी आपल्याकडे कुत्रा घराचा असे, पण घरातला नसे. ओसरी, अंगण, गोठा, खळे, धनगराचा वाडा ही त्याची हद्द, आणि उंबऱ्याच्या आत त्याला सक्त मज्जाव. खंडोबाच्या पायाशी आणि दत्तात्रेयाच्या भोवती त्याला मान होता, स्वयंपाकघराच्या दारात तो नव्हता. आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे सोवळ्याओवळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वाडवडिलांना कधी वाटले नाही. पिल्लू रात्री कोठे निजले, ते रडले किंवा नाही, हे पाहणे कुत्रीचे काम होते, माणसाचे नव्हते. परंतु पुण्यामुंबईच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेला ओसरीही नाही आणि अंगणही नाही. तेथे कुत्रा असेल तर तो घरातच असणार. आणि मग माणसाच्या घरात, माणसाच्या वेळापत्रकाप्रमाणे, माणसाने नेमून दिलेल्या जागी निजण्याची विद्या त्याला कोणी तरी शिकवावी लागते. या विद्येसाठी हल्ली जी वस्तू वापरतात तिला क्रेट म्हणतात: तारेचा अथवा प्लॅस्टिकचा, पुढे दार असलेला पिंजरा.

पिल्लू घरी येते ते साधारणपणे आठवा आठवडा उलटल्यावर. त्याहून लहान पिल्लू विकण्यास आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे, आणि ती शास्त्राला धरूनच आहे. जन्मतः कुत्र्याचे पिल्लू आंधळे आणि बहिरे असते, स्वतःच्या शरीराची ऊबही त्याला राखता येत नाही, म्हणून आईच्या कुशीत भावंडांच्या दाटीत ते स्वतःला खुपसून घेते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोळे उघडतात, त्यामागून कान, आणि तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान, जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी मेन प्रांतातील बार हार्बर येथील आपल्या दीर्घ प्रयोगांवरून १९६५ च्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, जगात आपले कोण आणि परके कोण याचा निवाडा त्याच्या मनात होत जातो. या निवाड्याचे काम ऐन भरात असताना आपण त्याला उचलून आणतो. पहिल्या रात्री त्याच्यापाशी आई नसते, भावंडे नसतात, ओळखीचा वास नसतो. असतो तो एक पिंजरा, एक कापड, आणि दिवा मालवून खोलीबाहेर जाणारी पावले. तेव्हा ते रडते. कोणत्याही लहान प्राण्याने अशा प्रसंगी करावयाची जी सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे ती ते करते, कारण वन्य स्थितीत चुकलेल्या पिल्लाच्या जगण्याचा तोच एक आधार असतो: आईला ऐकू जाईल अशा बेताने ओरडत राहणे.

येथे दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, “रडू द्या हो खुशाल, दोन रात्री रडेल आणि तिसऱ्या रात्री आपोआप गप्प होईल, आता दार उघडलेत तर जन्मभर तुमच्या डोक्यावर बसेल.” दुसरा पक्ष बहुधा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंचा असतो, त्या अंधारातच उठून येतात आणि सुनेला म्हणतात, “अगं, लेकरू आहे ते, कोंडून काय ठेवतेस? घे जवळ.” पहिल्या पक्षाला आपण शिस्तीचे कैवारी आहोत असे वाटते, दुसऱ्याला आपण दयेचे, आणि दोघांचीही अशी समजूत असते की आपला वाद एका पिल्लापुरता आहे. वास्तविक हा वाद फार जुना आहे, आणि तो कुत्र्यांविषयी कधीच नव्हता.

श्रीवैष्णवांच्या संप्रदायात रामानुजांच्या मागून जे दोन पंथ झाले, उत्तरेकडचा वडकलै आणि दक्षिणेकडचा तेंकलै, त्यांच्यातील मतभेद सांगताना दोन दृष्टान्त परंपरेने दिले जातात. वडकलै पंथीयांच्या मते, आणि वेदान्तदेशिक हे त्यांचे अध्वर्यू, जीवाचे ईश्वराशी नाते माकडीच्या पोरासारखे आहे: आई झाडावरून झाडावर उडी घेते खरी, पण पोराने आपल्या हातांनी तिचे पोट घट्ट धरलेच पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेंकलै पंथाला हे मान्य नाही. त्यांच्या मते जीव मांजराच्या पिल्लासारखा आहे, त्याने काही करावयाचे नाही, मांजर त्याची मानगूट तोंडात धरून त्याला नेईल तेथे त्याने जावे. मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर अशा या दोन न्यायांवर शतकानुशतके पांडित्य खर्ची पडले आहे. आणि ज्या घरात आज रात्री पिल्लू रडते आहे त्या घरातील दोन पक्षही याच दोन न्यायांची घरगुती भाषांतरे करीत असतात. जीवाने आपल्या प्रयत्नाने शांत व्हावे, हा एक. जीवाला उचलून घ्यावे, हा दुसरा.

कुत्र्याच्या पिल्लाचा दृष्टान्त मात्र या आचार्यांपैकी कोणी घेतला नाही, आणि तो का घेतला नसावा हे श्वानाविषयीच्या आपल्या प्राचीन तुच्छताबुद्धीवरून समजण्यासारखे आहे. तरीही माझ्या अल्पमतीप्रमाणे जीवेश्वरसंबंधाला तोच अधिक जुळतो. कुत्रीचे पिल्लू तिच्या पोटाला लोंबकळून प्रवास करीत नाही. क्वचित प्रसंग सोडल्यास तिच्या तोंडातूनही त्याची वाहतूक होत नाही. ते बिळात, ढोलीत, जिन्याखाली, जेथे कुत्रीने जागा केली असेल तेथे पडून असते, आणि कुत्री जाते. पहिले काही दिवस ती जवळजवळ हलतच नाही; पुढे अन्नासाठी थोडा वेळ जाते आणि येते; तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, पिल्लांना दात फुटू लागले की, तिच्या जाण्याची मुदत वाढत वाढत जाते. पिल्लाला जे शिकावयाचे असते ते धरून ठेवणे नव्हे, आणि सर्वस्वी निष्क्रिय राहणेही नव्हे. जी गेली ती परत येते, हे अंधारात राहून ओळखणे हा त्याचा अभ्यासक्रम. आणि हा अभ्यासक्रम आई ज्या क्रमाने शिकविते त्या क्रमाला विलक्षण महत्त्व आहे: आधी ऊब, मग अंतर.

पिल्लांना रीतसर शिकविणारे जाणते लोक क्रेटच्या बाबतीत जे सांगतात ते या मातृक्रमाचेच अनुकरण आहे. क्रेट एवढाच असावा की पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून निजता यावे. त्याहून प्रशस्त असला तर ते एका कोपऱ्यात निजून दुसऱ्या कोपऱ्यात शू करते, आणि निजण्याची जागा न बिघडविण्याची जी उपजत वृत्ती कोवळ्या वयातच दिसू लागते तिचा उपयोग नाहीसा होतो. दिवसा त्याचे दार उघडे ठेवावे, जेवण त्यातच घालावे, आणि दार लोटावयाचे ते प्रथम क्षणभरच. रात्री तो आपल्या खाटेलगत, हात खाली सोडला तर जाळीला लागेल इतका जवळ असावा. आत आईच्या वासाचे फडके मिळाले तर उत्तम. निजण्यापूर्वी शेवटची फेरी खाली आवारात करून आणावी, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला दोनतीन तासांपलीकडे मूत्रधारण करणे बहुधा जमत नसल्याने मध्यरात्री एकदा, प्रसंगी दोनदा, आपण होऊन उठावे. दिवा मोठा न करता, खेळ वा लाड न करता, खाली न्यावे, आणावे, पुन्हा आत ठेवावे. नुसतीच कुरकुर असेल तर शब्दाने किंवा बोटांच्या स्पर्शाने आपण आहोत एवढे कळू द्यावे. धडपड आणि आक्रोश असेल तर उठून कारण पाहावे. पुढे काही आठवड्यांत, पिल्लू स्वस्थ निजू लागले म्हणजे, क्रेट खाटेपासून थोडा थोडा लांब, दाराकडे आणि मग बाहेरच्या खोलीत सरकवीत न्यावा.

या साऱ्या विधीत प्रत्येक हाकेला उत्तर आहे, परंतु प्रत्येक हाकेला सुटका नाही, हे ध्यानात येईल. घरातील दोन्ही पक्षांना हा भेद दिसत नाही. सुटका द्यावयाची नाही म्हणून पहिला उत्तरच देत नाही, आणि उत्तर द्यावयाचे म्हणून दुसरा सुटका करून टाकतो.

पहिल्या पक्षाच्या पदरी एक बलवत्तर पुरावा असतो हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या रात्री पिल्लू खरोखरच गप्प होते. परंतु मौन दोन प्रकारचे असते, आणि दुसऱ्या खोलीत निजलेल्या माणसाला त्यांतील फरक ओळखता येत नाही. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले, आणि ते आज वाचतानाही अंगावर काटा येतो, त्यांत काही कुत्र्यांना विजेचे धक्के देण्यात आले व ते डोक्याने एक फळी दाबून बंद करण्याची सोय ठेवण्यात आली. दुसऱ्या काही कुत्र्यांना तेवढेच धक्के मिळाले, पण त्यांच्या कोणत्याही हालचालीने ते थांबत नसत. पुढे जेव्हा नुसता एक आडवा अडथळा ओलांडला की सुटका होईल अशा जागी या सर्वांना ठेवले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या कुत्र्यांनी उडी मारली; दुसऱ्या प्रकारचे बहुतेक कुत्रे, वाट मोकळी असताना, जागच्या जागी निपचित पडून राहिले. त्यांचे ओरडणेही थांबत गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हे कुत्रे मोठे सोशिक वाटले असते.

या प्रयोगाचा जो अर्थ त्याच दोघा संशोधकांनी पुढे २०१६ साली दुरुस्त करून मांडला तो धर्मविचाराच्या दृष्टीने मला मूळ प्रयोगाहूनही मोलाचा वाटतो. कुत्रे असहाय्यता शिकले, असे त्यांनी प्रथम म्हटले होते. अर्धशतकानंतर, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे, त्यांनी म्हटले की दीर्घकाळच्या पीडेपुढे निपचित पडणे ही शिकण्याची गोष्ट नव्हे, ती जीवाची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते हे की आपल्या करण्याने काही घडते. म्हणजे निराशा ही निसर्गदत्त आणि आशा ही संपादन केलेली. ज्या जीवाच्या हाकेला कधी तरी उत्तर मिळालेले आहे, त्याच्याच ठायी आशा असू शकते. ज्याला ते मिळालेच नाही त्याची शांतता श्रद्धेत जमा धरणे हा हिशेबातील सरळ गैरव्यवहार आहे.

आणि हा गैरव्यवहार पिल्लांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ईश्वर आपल्या भक्ताची हाक ऐकून मौन का धरतो, या प्रश्नाला आपल्या आणि इतरांच्याही धर्मग्रंथांत जे एक उत्तर वारंवार मिळते ते असे की, तो मौन धरून भक्ताला घडवीत असतो. बाप जसा मुलाच्या कल्याणासाठी त्याचा हट्ट पुरवीत नाही तसा. सोळाव्या शतकातील स्पेनचा साधुकवी क्रूसाचा संत योहान याने आत्म्याच्या काळरात्रीचे जे विवरण केले आहे त्यातही ईश्वर मुलाला दुधावरून तोडणाऱ्या आणि कडेवरून खाली उतरवून स्वतःच्या पायांनी चालावयास लावणाऱ्या आईसारखा वर्णिला आहे. या उपपत्तीत तथ्य नाही असे माझे म्हणणे नाही. परंतु योहानाची आई आधी त्या मुलाला छातीच्या उबेत वाढविते, दूध पाजते, कडेवर घेते, आणि नंतर त्याला खाली ठेवते. त्याने पूर्वार्ध गाळलेला नाही. आपले कीर्तनकार व प्रवचनकार तो पुष्कळदा गाळतात. ज्याच्या वाट्याला जन्मापासून दुष्काळ, कर्ज आणि अपमान यांवाचून काही आले नाही त्याला ते सांगतात की, देव तुझी परीक्षा पाहत आहे. आणि तो खाली मान घालून ऐकत बसतो, तेव्हा त्याच्या त्या बसण्याला ते समाधान म्हणतात. मौनाने शिक्षण होते हे खरे, पण ते ज्याला पूर्वी उत्तर मिळालेले आहे त्याचेच होते. तेव्हा ईश्वराच्या मौनाचे समर्थन करू इच्छिणाऱ्यावर पुराव्याचे ओझे हे आहे की, त्या विशिष्ट जीवाला पूर्वी कधी, कोणत्या रूपाने उत्तर मिळाले होते, ते त्याने दाखवावे. सर्वसामान्य दयाळूपणाचा हवाला येथे पुरेसा नाही.

या कसोटीला आपले वारकरी संत उतरतात, ते त्यांच्या शांतीमुळे नव्हे, तर त्यांच्या तक्रारींमुळे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाईच्या नावावर तर विठ्ठलाला दिलेल्या अस्सल मराठी शिव्या आहेत, आणि तुकोबा एके ठिकाणी आपल्यापुरता देव मेला असल्याचे खुशाल जाहीर करतात. सभ्य वाचकाला हे अभंग अडचणीचे वाटतात आणि तो त्यांना ‘प्रेमकलह’ असे गोंडस नाव देऊन मोकळा होतो. वस्तुतः फिर्याद दाखल करणारा मनुष्य हाच कचेरीवर विश्वास असलेला मनुष्य होय. अंधारात दोन वाजता मोठ्याने रडणारे पिल्लू हे त्या घरातील सर्वांत श्रद्धावान जीव असते. कोणी तरी ऐकत आहे असे त्याने गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत धरणे अजून कोणी मोडलेले नसते.

न ऐकणाऱ्याचे काय होते हेही महाभारतकाराने एका पिल्लाच्याच निमित्ताने सांगून ठेवले आहे. आदिपर्वात जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्री दीर्घ सत्र करीत असता सरमेचा मुलगा तेथे आला. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, तरी जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले की, माझ्या मुलाचा अपराध कोणता? आणि मग, मूळ ग्रंथ नमूद करतो, त्यांनी तिला काहीच उत्तर दिले नाही. शाप मिळतो तो यानंतर: ज्या अर्थी निरपराध्याला मारलेत, त्या अर्थी तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल. मारण्याची भरपाई कदाचित झाली असती. पण विचारलेल्या प्रश्नाची राजाने मौनाने वासलात लावली, आणि उत्तर नाकारणाऱ्याला शिक्षाही नेमकी त्या जातीची मिळाली जिची दिशा कळत नाही, जिच्याशी बोलता येत नाही. पहिल्या रात्री पिंजऱ्यातील पिल्लाला जे भोगावे लागते तेही अदृष्ट भयच असते.

एवढे झाल्यावर मूळ आक्षेप उरतोच की, उत्तर देणारा असला तरी कोंडणारा तो कोंडणाराच. मग हा उद्योगच का करावा? स्वीडन आणि फिनलंड या देशांच्या कायद्यांना प्रवास, आजार असले अपवाद वगळता घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवणे मान्य नाही. आपला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, ज्याच्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५२ पासून राज्यसभेत केलेली खटपट होती, पिंजऱ्याला सरसकट मनाई करीत नाही. हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा मात्र त्याने गुन्हा ठरविला आहे. तत्त्वतः स्वीडनचा दंडक अधिक शुद्ध आहे हे मी कबूल करतो. दिवसाचे आठनऊ तास कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून कचेरीत जाणाऱ्यांना तर मी या निबंधात कोणताही आसरा देऊ इच्छीत नाही. ती कैद होय, आणि तिला शिक्षण म्हणणे हा ढोंगीपणा. परंतु दोन महिन्यांच्या पिल्लाला, जे विजेची तार चावते, औषधाची गोळी गिळते, जिन्यावरून कोसळते, रात्री सबंध घरात मोकळे सोडणे हीही अहिंसा नव्हे. गृहस्थाला शुद्ध अहिंसा परवडत नाही हे महाभारताला ठाऊक होते, आणि म्हणूनच यक्षाने परम धर्म कोणता असे विचारले तेव्हा युधिष्ठिराने आनृशंस्य हे उत्तर दिले: क्रूर न होणे, आपल्या आसऱ्याला आलेल्याविषयी कळवळा असणे. ज्याला दार लावावेच लागते, त्याच्यासाठी हा धर्म आहे. दार लावणाऱ्याने निजू नये, निदान गाढ निजू नये, एवढे तो मागतो.

महाप्रस्थानाच्या अखेरीस याच युधिष्ठिराने कुत्र्यावाचून रथात चढण्यास नकार दिला तो प्रसंग सर्वश्रुत आहे. आपल्या मागे निष्ठेने आलेल्याचा त्याग, तो म्हणतो, शरणागताला टाकणे, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचे धन हरण करणे आणि मित्रद्रोह या चार पातकांच्या तोडीचा आहे. इंद्राची हरकत अशी होती की, कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. म्हणजे आमच्याकडील काही गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर जो हुकूम लिहिलेला असतो त्याला फार वरच्या कचेरीचा आधार आहे. युधिष्ठिराचा कुत्रा हस्तिनापुरापासून आपण होऊन मागे आला होता. आपले पिल्लू आपण होऊन आलेले नाही. त्याला आपण आईपासून तोडून, बहुधा पैसे मोजून, आणलेले आहे. त्याने शरणागती पत्करलेली नाही, ती त्याच्यावर लादलेली आहे. आणि लादलेल्या शरणागतीने पालकाचा हक्क वाढत नाही, त्याचे देणे वाढते.

आता जे साधावयाचे त्या निद्रेविषयी थोडे. बृहदारण्यकात सृष्टीच्या आरंभीचा तो एकाकी पुरुष भ्याला, असे सांगितले आहे. आणि एकटा माणूस आजही भितो तो त्यामुळेच, असे ऋषी जोडून देतो. मग त्या पुरुषाने विचार केला की, माझ्यावाचून दुसरे काही नाहीच तर मी कोणाला भ्यावे? त्याचे भय गेले. पण लगेच पुढच्या वाक्यात त्याला करमेनासे झाले, आणि त्याने दुसऱ्याची इच्छा केली. उपनिषत्काराच्या प्रामाणिकपणाचे मला येथे नेहमी कौतुक वाटत आले आहे. अद्वैताने भय जाते हे सांगून तो थांबला असता तर सिद्धान्त अधिक साजरा झाला असता. पिल्लाला तो पहिला विचार करता येत नाही. भय घालविण्याचा ज्ञानमार्ग त्याला बंद आहे, आणि खरे पाहता आपल्यापैकी बहुतेकांनाही तो रात्री अडीच वाजता बंदच असतो. त्याच्यापुढे राहतो तो दुसऱ्याच्या असण्याचा मार्ग: जाळीपाशी आलेली बोटे, ओळखीचा श्वास, जिन्यावरून खाली आणि पुन्हा वर. या सगळ्याची पुरेशी आवृत्ती झाली की दुसरा समोर नसतानाही असतो, आणि मग पिल्लू ज्याला आपण रात्रभर झोपणे म्हणतो ते करू लागते.

त्या गाढ झोपेत ते कोठे जाते याविषयी छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालकाने श्वेतकेतूला स्पष्ट सांगितले आहे: सुषुप्तीत जीव सत् म्हणजे मूळ अस्तित्वाशी एक होतो, आणि आपण त्याच्याशी एक झालो होतो हे त्याला कळत नाही. हा नियम ऋषींपुरता नाही. वाघ, सिंह, लांडगा, रानडुक्कर, किडा, पतंग, गोमाशी, मच्छर असे सगळे त्यात येतात. यादीत कुत्र्याचे नाव नाही. पण लांडग्याचे आहे, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तेवढ्यावर काम भागते. मात्र उद्दालक हेही बजावतो की, सत्शी एक होऊन परतल्यावर ज्याने त्याने पूर्वीचेच व्हावयाचे असते: वाघाने वाघ, मच्छराने मच्छर. त्याप्रमाणे पहाटे पाचच्या सुमारास क्रेटमधून बाहेर येणारे पिल्लूही तंतोतंत पिल्लूच असते, ब्रह्मैक्याची कोणतीही खूण त्याच्या वर्तनात आढळत नाही, आणि जिना उतरून त्याला खाली नेण्यास दोन मिनिटांचा जरी विलंब झाला तरी त्याचे परिणाम दिवाणखान्यातील सतरंजीवर सविस्तर पाहावयास मिळतात.